वेलदोडा

वकील म्हणाले, ताई, वास हा पुरावा होत नाही.
तारखा द्या. साक्षीदार द्या.
सिव्हिलचा एखादा कागद असेल तर बघा.

मी तारखा आठवत बसले.
आठवलं ते भलतंच.
कुलपाभोवती खरवडणारी किल्ली,
पाचव्या खेपेला आत जाणारी.
सासूबाई दिवस मावळायच्या आत जेवून उठायच्या,
त्यानंतर घरात जे व्हायचं
ते त्यांच्या नेमाबाहेरचं.
आणि सुकुमारच्या खिशातले वेलदोडे,
हिरवे, टपोरे, यार्डातल्या ओळखीच्या दुकानातले.
खिरीत घालायला मागितले
तर एकही निघायचा नाही.

प्रतिज्ञापत्रात वेलदोडा कुठेच नाही.
तिथे तो अर्जदार, मी जाबदार,
आणि गार्गी, वय वर्षे आठ,
सदर अज्ञान.

दुसरा आणि चौथा शनिवार, चार ते सहा,
स्थळ आमराई.
अर्जदाराने मद्यप्राशन करून येऊ नये.

पहिल्या शनिवारी रिक्षात मी तिला सांगितलं,
बाबा वाकला की गळ्यात पड
आणि मोठा श्वास घे.
वास नसला तर मला हात कर.
किती साधं वाटलं होतं ते.
दूध नासलंय का बघ गं,
म्हणावं तसं.

ती शिकली. लवकर शिकते, असं बाईही म्हणतात.
आता माझ्या वडिलांच्या मिठीतही
आधी तिचे खांदे वर जातात.
शाळेच्या गाडीवाल्या काकांना टाटा करताना
नाक जरासं पुढे.
परवा झोपताना माझ्या तोंडाजवळ आली.
मी दात घासून पडले होते,
तरी तोंड फिरवलं.

कालचा शनिवार.
तो स्कूटर लावून फाटकाशी उभा,
नखं हळदीने पिवळी,
शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती.
वाकला. ती गळ्यात पडली.
खांदे वर गेले,
थांबले,
खाली यायला जरा वेळ लागला.
मग तिने हात केला मला.
नेहमीपेक्षा उंच.

पाण्याची बाटली द्यायची राहिली होती,
म्हणून मी चार पावलं पुढे गेले.
वारा नदीकडून होता.

वेलदोडा.

कुणीच काही बोललं नाही.
गार्गी माझ्याकडे बघेना.
बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती,
उघडत होती.
आता काय, भडंगवाल्यासमोर
तिची उलटतपासणी घेऊ?

सुकुमारने खिशात हात घातला.
स्कूटरची किल्ली काढून माझ्यापुढे धरली.
"चालतच फिरतो," म्हणाला. "इथंच. तुला दिसेल असं."
आवाज सरळ होता.
नुसता वेलदोडाच असेल कदाचित.
माणसाची दारू सुटते
आणि खिशाची सवय मागे राहते,
असंही असेल.
नसेलही.
मी किल्ली घेतली.

दोन तास बाकावर.
एकाच पुड्यात दोघांचे हात जाताना दिसत होते.
ती शेंगदाणे निवडून
त्याच्या पिवळ्या तळव्यावर ठेवत होती,
तो एकेक खात होता, मोजून,
औषध घेतल्यासारखा.

सहाला परत आली.
रिक्षा सुरू झाल्यावर म्हणाली,
आई, मी हात बरोबर केला ना?

हो, म्हटलं.
बरोबर केलास.

विश्रामबाग आलं तेव्हा लक्षात आलं,
किल्ली अजून माझ्याच मुठीत आहे.
जाताना
त्याने ती मागितली नव्हती.