दोन किलो जास्त

नंदुरबारच्या बाहेर, सुरतेच्या रुळांपलीकडे
पौषात जमीन लाल होते.
मिरचीच्या पथाऱ्या.
तिथे माझी आई, रिबकाबाई गावित,
नाकावर पदर बांधून
किलोच्या भावाने देठ खुडायची.

तोलाई संध्याकाळी.
लोटन मुकादमाच्या कानावर पेन्सिल,
काखेत वही, आणि जिभेवर
दिवसभर राखून ठेवलेलं काहीतरी.
त्या दिवशी ते आमच्यासाठी होतं.
"दूधनी भुकटीसाठे देव इका तुम्हनी!"
चाळीस बायांसमोर म्हणाला,
"बाटगी जात, आनि आते…"
पुढचं ठसक्यात गेलं.
बायांमधून एक आवाज उठला.
कोण खोकलं, कोण हसलं, कळलं नाही.
मी अकरा वर्षांची, रिकामं पोतं धरून उभी.

आई काट्याकडे बघत होती.
"लोटनभाऊ, अठरा लिखं तुम्हनी.
सोळाच शेतस. खोडा."

शिवी देताना त्याचा हात चुकला होता.
त्याने खोडलं. वर बघितलं नाही.

वाटेत मी दगडांना लाथा मारत चालले.
दोन किलोत माझी शंभर पानी वही आली असती.
"ते शिवीचं भाडं होतं," मी म्हणाले,
"देवानेच दिलेलं."
आई बराच वेळ गप्प.
रेल्वे फाटकापाशी मालगाडीसाठी थांबलो, तेव्हा म्हणाली,
"भाडं घेतलं, की तिला घरात ठेवून घ्यावं लागतं."

रात्री ताकाच्या परातीत तिचे हात.
मिरचीने पेटलेले तळवे जोडता येत नसत,
म्हणून प्रार्थना ताकातच.
आमच्या आजारी शेळीच्या आधी लोटनचं नाव आलं:
त्याच्या पोरीला सातवा महिना आहे, पाय सुजलेत, सांभाळ.
मी निषेध म्हणून डोळे उघडे ठेवले.

दुसऱ्या रात्री विचारलं, तुला राग येत नाही?
"येतो की.
आज एकेक देठ म्हणजे त्याची मान होती."
मग?
"मग पोतं संपलं. बावीस किलो भरली."

ती भित्री होती असं समजू नका.
चंद्रीबाईचं वजन मारलं त्या दिवशी
तिने काट्याची साखळी मुठीत धरली,
आणि अंधार पडला, व्यापारी आला,
पैसे चंद्रीबाईच्या ओटीत पडले,
तोवर सोडली नाही.

आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये
उत्तम शुक्रवारी पास्टर थुंकी सांगायचे, खिळे सांगायचे.
बाकीचे रडायचे.
मला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं,
की तेवढ्या त्रासातही
तो शेजारच्या चोराशी बोलत होता.

लोटनची शिवी पुढच्या आठवड्यातही तीच होती.
फक्त काटा त्याने दोनदा बघितला.

आता मी धुळ्याच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसते.
काचेला वाटोळं भोक आहे,
त्यातून दिवसभर तोंडं येतात.
परवा एकाने पाटीवरचं नाव मोठ्याने वाचलं:
सलोमी गावित.
"हे कसलं नाव? कुठून आणली हो ही माणसं?"
रांग हसली. या वेळी खोकला नव्हता.
त्याने शिरपूरची गाडी विचारली.
मी म्हणाले, फलाट नऊ.

फलाट सात होता.
चुकून बोलले की जाणून,
हे मला तेव्हा ठरवता आलं नाही,
आजही येत नाही.
तो पिशवी उचलून निघाला,
आणि मला काट्याची साखळी आठवली, ताक आठवलं,
एकदम उठून भोकाला तोंड लावून ओरडले,
"ओ दादा! सात! सात!"

तो वळला. चेहरा रागाने काळा.
त्याला वाटलं, मीही शिवीच दिली.

मग मी दोन्ही हात वर केले,
काचेला टेकवले,
सात बोटं.