बावीस मिलिमीटर

बेळगावच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
एका पोरसवदा बाईनं माझ्यासमोर कोरा कागद ठेवला
आणि विचारलं, घरात कोण कोण आहेत.
कोण कोण नाहीत, हे नंतर विचारलं.

पुरुष म्हणजे चौकोन. बाई म्हणजे गोल.
मेलेल्यावर तिरकी रेघ.

भरमा, माझा भाऊ, तेवीस वर्षांचा.
कडोलीच्या तालमीत जोर मारून उठता उठता
तांबड्या मातीत बसला, तो बसलाच.
बापू, एकेचाळीस. खांद्यावर रताळ्यांचं पोतं,
एक पाय ट्रकच्या फळीवर.
शेवंताआत्ती गोल. ती लेकीच्या हळदीत नाचताना.
'नजर लागली म्हणत होते,' मी म्हटलं.
बाई हसली नाही. नजर असं कुठं लिहिलंही नाही.
नुसती रेघ मारली, हलक्या हातानं,
आत्तीला लागेल म्हणून जपल्यासारखी.

मग माझा गोल शिसपेन्सिलीनं भरला, गच्च.

ती धारवाडकडची. तिची मराठी अडखळत,
माझं कन्नड बाजारापुरतं.
'अर्ध', ती म्हणाली. हा शब्द दोन्हीकडं सारखाच.
प्रत्येक लेकराला अर्ध. रुपया उडवावा तसं.
थोरल्याला आलं म्हणून धाकट्याला टळत नाही.

माझ्या काळजाची मधली भिंत बावीस मिलिमीटर.
असायला हवी दहाच्या आसपास.
घरी येऊन ब्लाउजांच्या टेपेवर बघितलं:
करंगळीचं एक पेर.
एवढ्याशानं घरातले तिघे नेले.

समर्थचा चौकोन अजून रिकामा आहे.
तो आठ वर्षांचा. त्याची तपासणी पुढच्या महिन्यात.
रात्री तो झोपला की मी कान लावून बसते
आणि मला ऐकू येतं ते माझंच.

कागदाच्या उजव्या कडेला एक फांदी तशीच सोडलेली.
'हे चुलते?' तिनं विचारलं. 'यांना कोण सांगणार?'
सोळा वर्षं बोलणं नाही. एक हातभर बांध.
मी पेनाचं टोपण लावत राहिले, काढत राहिले.

रविवारी वेंगुर्ला रोडची बस धरली.
शिनोळीला मोबाईल थरथरला, महाराष्ट्रात स्वागत आहे म्हणाला.
पुढं काजूची झाडं, लाल चढण,
आणि जोतिबादादाचं घर, दार अर्धं लावलेलं.

'हिस्सा मागाय आलीस काय?'

'व्हय,' माझ्या तोंडून गेलं. 'म्हणजे मागाय न्हवं.
तुझा तुला सांगाय.'

पिशवीतनं पाकीट काढलं. आत इंग्रजी कागद,
त्यावर मी मराठीत लिहून आणलेलं,
चार वेळा खोडून. इसीजी. इको. मग रक्त.
गोळ्या असतात दादा, मीपण घेते. जगतात माणसं.
जोर मारू नका, एवढं मात्र.

तो उभ्यानं वाचत होता. बाप, भाऊ, आत्ती.
'शेवंताआत्तीचं तर…' म्हणाला, आणि थांबला.

तेवढ्यात अंगणात त्याची पोरगी आली,
कबड्डीच्या सरावातून, चौदाची, घामानं निथळत.
पायरीवर वाकली, गुडघ्यांवर हात,
मोठमोठा दम घेत.

आम्ही दोघंही तिच्या पाठीकडं बघत राहिलो.

'काय झालं?' ती म्हणाली. 'असं काय बघताय?'

'ये, बस,' दादा म्हणाला. 'पहिलं बस बघू.'
मग माझ्याकडं न बघता,
'तूपण बस. च्या टाकतो.'