पाचवं रीळ

मानवत रोडला पेट्या उतरल्या तेव्हा एक कमी.
पाचवं रीळ झोपेत पुढं पूर्णेला गेलं,
असं हमाल म्हणाला.

जिनिंगच्या पटांगणात तंबू. कनातीला सरकी चिकटलेली.
माझे वडील मुंजाजी दारावर,
मी त्यांच्या पायाशी, तिकिटांची अर्धुकं मोजत.
हसायचा सिनेमा होता, गाण्यांचा.
नट कुणाच्या ओळखीचे नव्हते,
पोस्टरवरची नावं खळीनं फुगलेली.

चौथ्या रिळाअखेर नायक
कर्नलच्या घरी, तबल्यांच्या कपाटात कोंडलेला.
सहाव्यात एकदम बैलगाडीवर उभा,
अंगात बँडमास्तरचा कोट,
आणि अख्खं गाणं म्हणतो
उजवा हात पाठीमागं धरून.
काहून?

पब्लिकनं आधी शिट्ट्या मारल्या, मग चपला.
तेव्हा दस्तगीरमामू मशीन सोडून खाली उतरले,
कार्बननं काळे झालेले हात लुंगीला पुसत
पांढऱ्या पडद्यापुढं उभे राहिले.
"ठैरो, ठैरो. मी सांगतो ना."

कपाटाला मागून दार. दाराबाहेर कुणाची तरी वरात.
उकाड्यानं आडवा झालेला बँडमास्तर, त्याचा कोट,
आणि एक बकरी, जिनं उजवी बाही खाल्ली
थेट कोपरापर्यंत.
बकरी मामू स्वतःच झाले.
जर चावताना त्यांच्या दातांत
खरोखरच काहीतरी अडकलं.

दुसऱ्या रात्री बकरी मोंढ्यातून पळाली,
अडत्याच्या गादीवर लेंड्या टाकून.
अडत्या पुढंच बसला होता, तिकीट काढून.
तिसऱ्या रात्री तिला नाव मिळालं.
चौथ्या रात्री पाथरीहून छकडे भरून माणसं आली
आणि म्हणाली, सिनेमा जरा आवरता घ्या.

सातव्या दिवशी गार्डानं रीळ आणून दिलं.
मामूंनी डबा उघडलाच नाही.
पायानं खाटेखाली सरकवला, माझ्याकडं बघून म्हणाले,
"बेटी, मालकाला नक्को सांगू."

नाही सांगितलं. सत्तर वर्षं होत आली.
बाकीची रिळं कुठं गेली कुणास ठाऊक.
नातवानं पुण्याला विचारून पाहिलं,
असा सिनेमाच नाही म्हणतात.
आमच्याकडं मात्र कुणी एकच बाही दुमडली
की अजून विचारतात, "बकरी भेटली का?"

मामू गेले. डबा माझ्याकडं.
काल सुरीनं झाकण उचकटलं.
आंबूस वास. फिल्म सगळी गुळाच्या ढेपेसारखी एकजीव.
एक तुकडा तेवढा सुटला, तो खिडकीशी धरला.

खुंटीला कोट.
दोन्ही बाह्या शाबूत.

मग हात कशाला लपवत होता तो, मामू?