मोजणी

एझेल टिब्ज बसमधून उतरला
तेव्हा त्याच्याकडे एक जाळीची पिशवी होती
आणि पिशवीत चौदा दिवसांचं इन्सुलिन.
पंधराव्या दिवसाबद्दल
कागदावर काही लिहिलेलं नव्हतं.

टोलीडोचा मार्च. नदीवरून येणारा वारा कानशिलं सोलत होता.
"तू क्लिनिकची?"
"हो. लुरीन."
"नर्स?"
"नाही. आठ वर्षं, बायकांच्या तुरुंगात."
तेव्हा कुठे त्याने छातीशी धरलेली पिशवी
माझ्या हातात दिली.

क्लिनिकच्या दाराशी येऊन तो उभाच.
मला वाटलं, दम लागला.
मग लक्षात आलं :
सव्वीस वर्षं दार उघडणं हे दुसऱ्याचं काम होतं.
"ढकल," मी म्हटलं.
झोपलेल्या माणसाला उठवावं
तशी त्याने काच ढकलली.

काउंटरवरच्या पोरीने जन्मतारीख विचारली,
त्याने सहा आकडी नंबर सांगितला.
ती गोंधळली. मी नाही.
सुटल्यावर पहिल्या महिन्यात मी माझा नंबर
पिझ्झा मागवताना सांगितला होता.

साखर तीनशे चाळीस.
डाव्या पायाची करंगळी काळी, जुन्या खारकेसारखी.
"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
तो हिशेब करू लागला :
आत डॉक्टरला दाखवायचे दोन डॉलर,
महिन्याची कमाई अठरा,
साबण, आईला फोन, साबण,
मग आई गेली, नुसता साबण.
करंगळीचा नंबर लागलाच नाही.

बहिणीने, वर्निताने, तळघरात खाट टाकली होती,
फ्रिजमध्ये लोण्याचा कप्पा रिकामा करून ठेवला होता.
बाटल्या तिथे ठेवल्या, पण सुयांना तो हात लावेना.
"घरात सुया सापडल्या तर?"
"तुझ्याच आहेत."
"लिहून दे."
मग वर्निताच्या विजेच्या बिलामागे मी लिहिलं :
या सुया श्री. एझेल टिब्ज यांच्या आहेत,
त्यांनी त्या बाळगाव्यात.
खाली सही, तारीख.
त्याने कागदाची चार घडी करून खिशात ठेवली,
आणि वरून थोपटली.

रात्री, जेवणाआधी, त्याने गोळी घेतली,
पाणी प्याला,
आणि बहिणीसमोर उभं राहून
तोंड उघडलं. जीभ उचलली.
गाल बोटाने ओढून दाखवला, आधी डावा, मग उजवा.
वर्निताच्या हातातला डाव भांड्यावरच थांबला.
शेंगांची आमटी डावातून ठिबकत राहिली.
"मिट," मी म्हटलं. "एझेल, मिट तोंड.
इथे कुणी बघत नाही."
हे मी त्याला सांगितलं.
माझ्या बाथरूमच्या आरशाला
अकरा वर्षांत सांगता आलेलं नाही.

पंधरावा दिवस.
विम्याचं कार्ड आलं नाही,
टपालात आहे, म्हणे, तीन आठवडे टपालातच आहे.
औषधांच्या दुकानातल्या दोन खुर्च्या,
माझ्या कानाला फोन, फोनमध्ये सनई का बासरी का कायसं,
"तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."
एक तास दहा मिनिटं.
मी शिव्या घालत होते, तो शांत.
"वाट बघणं मला येतं," म्हणाला,
"तूच विसरलीस."

साडेचार वाजले आणि तो उठला.
पाठ ताठ, हात बाजूला, नजर समोर,
समोर शाम्पूच्या बाटल्या.
मला ठाऊक होतं. साडेचारची मोजणी.
मोजायला कुणी आलं नाही.
एक बाई मूल कडेवर घेऊन त्याला वळसा घालून गेली.

तो बराच वेळ उभा होता.
मग खिशातून यंत्र काढलं,
बोटाला टोचलं,
थेंब पट्टीवर धरला,
आणि साऱ्या बराकीला ऐकू जाईल अशा आवाजात
वाचून दाखवलं :
"दोनशे अकरा!"

काउंटरमागचा माणूस दचकला.
फोनमधली सनई थांबली, कुणीतरी म्हणालं, हॅलो,
आणि मला क्षणभर आठवेना
मी कशासाठी फोन केला होता.