डिस्क नंबर एक्केचाळीस

देवगडच्या एसटी स्टँडमागे, बर्फाच्या फॅक्टरीला लागून
माझं दुकान. पाटीवर अजून 'कुबल सीडी सेंटर' आहे,
पुसायला शिडी लागते म्हणून राहिलंय.
आत एक दोनशे पानी वही,
पट्टी धरून मीच पाडलेले रकाने :
डिस्क, कोणी नेली, कधी, परत.

एक्केचाळीस नंबर फुटबॉलची.
मुबीन सोलकरच्या मामाने कुवेतहून आणली,
मुबीनने मला विकली, मी तन्वेश तारीला दिली,
त्याच्याकडून जुवाटकरांच्या जुळ्यांकडे,
तिथून दहावीच्या परीक्षेपुरती पुन्हा माझ्या गल्ल्यात.
ओरखडे पडले की टूथपेस्ट लावायची,
मऊ फडक्याने मधून बाहेर पुसायची.
एकदा तिला सुंगटांचा वास यायला लागला,
तरी गोल होत राहिले.

मग बातमी आली, नवा डबा येतोय.
त्याला म्हणे दुसऱ्याची डिस्क चालणार नाही.
ज्याच्या नावावर लागली त्याचीच ती, जन्मभर.
आणि दिवसातून एकदा डब्याने वर कळवायचं
की मी आहे, इथेच आहे,
जामिनावरचा माणूस
ठाण्यात जाऊन सही करतो तसं.

दुसऱ्या कंपनीने लगेच जाहीर केलं,
आमच्यात कोणाचीही घाला, विका, उसनी द्या.
दुकानात त्या संध्याकाळी दोन पक्ष पडले.
तन्वेश इकडे, मुबीन तिकडे.
नगरपंचायतीलाही एवढी चुरस नसते.

बाबल धुरत रिचार्जला आला होता.
"म्हंजे पैशे मोजून घेतलली वस्तू माजी न्हय?"
मी म्हटलं, वापरायचा हक्क तुमचा, खेळ कंपनीचा.
तो हसला नाही.
"म्हंजे खोतीच मां रे ही.
कलमा आमी लावची, राकण आमी करूची,
आनि सातबारो खोताचो."
सुटे दोनदा मोजून घेतले आणि गेला.

पुढे त्या कंपनीने शब्द मागे घेतला.
ओरड फार झाली, म्हणे.
आम्ही ओरडलो नव्हतो.
आमची ओरड तारामुंबरीपर्यंतही पोचत नाही.

तन्वेशने तरी तोच डबा घेतला. हट्ट.
चालू करायला पहिल्यांदा एकदा तरी
वर कळवावंच लागतं, हे घरी आल्यावर कळलं.
त्याचं घर उताराखाली, रेंज नाही.
मग आंब्याच्या रिकाम्या पेटीत पेंढा घालून
डबा निघाला सड्यावर, पवनचक्क्यांपाशी.
टीव्ही मॅजिकच्या मागच्या सीटवर, खाली बॅटरी.
मोबाईल उंच धरायला कोण, तर मुबीन.
दुसऱ्या पक्षाचा माणूस
तासभर कातळावर हात वर करून उभा,
हात भरून आला की बदलायचा.
वर पाती फिरत होती,
खाली पडद्यावर टक्के :
अकरा. अकरा. बारा.

आता जे डबे आलेत
त्यांतल्या एकाला तर तोंडच नाही.
खेळ हवेतून येतो, हवेतच राहतो.
मुलं दाखवतात, बघ काका, साठ खेळ आहेत,
आणि त्यातला एकही
शेजारच्या पोराच्या हातावर ठेवता येत नाही.
मी आधार कार्डं लॅमिनेट करतो,
काचा चिकटवतो, बुडबुडे बोटाने कडेला ढकलतो.

कधी गिऱ्हाईक नसलं की वही काढतो.
कुणकेश्वरच्या जत्रेच्या दिवशी
मी दुकानात नव्हतो, बायको बसली होती.
एक्केचाळीस नंबर गेली, तारीख आहे,
नाव लिहायचं राहिलं.
"कोनतरी पोरगो होतो, ओळकीचो वाटलो."

मी शोधलं नाही.
जामसंड्यात असेल, पडेलला असेल,
एखाद्या खलाशाबरोबर बोटीवरही असेल,
हातोहात जात,
वर कोणालाही न कळवता.

शेवटचा रकाना मोकळा ठेवलाय.
उशिराचा दंड दिवसाला दोन रुपये,
तो मी धरत नाही.