लांडग्याचं पाऊल

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
स्लावोन्स्की ब्रोदच्या दवाखान्यात
खिडकीकडची खुर्ची पेयोची, शेजारची माझी.
चार तास आमचं रक्त बाहेर हिंडून येतं
आणि आम्ही बोलतो डुकरांच्या भावाबद्दल,
सावा नदीबद्दल, पाणी किती चढलं, किती उतरलं.
प्यायची मात्र चोरी.

बुधवारी यागोदानं त्याला लोहाची नवी बाटली लावली,
तपकिरी, गंजाच्या पाण्यासारखी.
"नांगराचा फाळ वितळवलास वाटतं," पेयो म्हणाला.
आम्ही हसलो.
हसू विरायच्या आत
तो म्हणाला, तळहातांना मुंग्या आल्यात.
मग म्हणाला, कंबर.
मग काहीच म्हणाला नाही.
मानेवर गांधी उठल्या, पापण्या मिटत आल्या सुजून,
ओळखीचा चेहरा माझ्यासमोर परका होत गेला
आणि श्वासाला शीळ,
बंद दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी.

यागोदानं नळी चिमटली.
खुर्ची आडवी. मांडीत सुई.
(तिच्या नावाचा अर्थ स्ट्रॉबेरी;
एरवी पेयो तिला त्यावरून रोज छळतो.)
मी माझ्या नळ्यांना बांधलेला,
दीड हातावर, आणि उठता येईना.
पडद्यावरचा आकडा बघत राहिलो:
साठ. बावन्न.
बावन्न.
बावन्न.
अठ्ठावन्न.

शुक्रवारी तो आला. मनगटावर लाल पट्टी,
पट्टीवर त्या औषधाचं नाव,
त्याच्या स्वतःच्या नावाहून मोठ्या अक्षरांत.
शरीरानं औषधालाच शत्रू समजलं,
डॉक्टरीणबाईंनी समजावलं.
पेयो बराच वेळ पट्टी गोल गोल फिरवत राहिला.

आमच्या गावच्या गव्हात एक तण उगवायचं.
पिवळी फुलं. नाव, लांडग्याचं पाऊल.
कापणीत तेही कापलं जायचं,
दळणात तेही दळलं जायचं,
आयांनी त्याचाच पाव भाजला, खरपूस,
आणि आम्ही चाळीस वर्षं खाल्ला.
पेयोचा बाप. माझी बहीण.
नदीच्या अंगाची सगळी घरं.
एकाच्याही अंगावर कधी गांध नाही.
साधी खाज नाही.

"म्हणजे बघ," पेयो म्हणाला,
"लांडगा रोज ताटात येऊन बसायचा
तेव्हा आपलं कुत्रं शेपूट हलवत होतं.
आणि औषध घेऊन माणूस दारात आला,
तर त्याच्या नरडीला."

मी काय बोलणार.
"म्हातारं झालंय," म्हटलं, "उशिरा राखण शिकलंय."

यागोदा आली. पट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचलं,
मग त्याला त्याचं नाव विचारलं,
अकरा वर्षांची ओळख असून.
छळायचं सोडून त्यानं सांगितलं,
एकेक अक्षर.