आईचं शिक्षण

गेल्या जूनमध्ये सत्तावीस. यंदा एकाहत्तर,
आणि फॉर्म संपले तरी दारात अजून तिघी उभ्या,
बोटांना तंबाखूचा वास, पिशवीत जन्मदाखला.
"सेमीतच घाला बाई. इंग्लिश पायजे."

ह्या नरसम्मा येमूल.
विड्यांचे कट्टे तेलुगूत मोजतात,
मापात मारणाऱ्या मुनिमाशी कानडीत भांडतात,
मेहरूनबींकडे वाटीभर साखर उर्दूत मागतात,
माझ्याशी मराठी.
'आईचं शिक्षण' या रकान्यात
मी लिहिलं: नाही.

बाकं कमी पडली, म्हणून हणमंतू शिपायानं
टोकाच्या तेलुगू वर्गातली ओढून आणली.
तिथं आता पाचच मुलं. ती सतरंजीवर बसतील.
व्हरांडाभर फरशीवर रेघा उमटल्यात,
दोनदा पोछा मारला तरी आहेत.
एका बाकावर कुणीतरी कर्कटकानं कोरलंय
एक गोल गोल अक्षर.
मला वाचता येत नाही.

नियम माझाच:
पाणी प्यायचं तर इंग्रजीत विचारायचं.
आदल्या रात्री मीही आरशासमोर दहा वाक्यं घोकते,
हे वर्गाला माहीत नाही.

चौथ्या तासाला अखिला येमूल उठली.
"मे आय," म्हणाली, आणि थांबली.
वर पत्रा तापलेला.
"मे आय," पुन्हा.
वर्ग वाट बघतोय, मी वाट बघतेय,
तिच्या ओठांना सालपटं,
आणि पुढचा शब्द आमच्या पेठेतल्या नळासारखा,
पाच दिवसांआड.

मग माझ्याकडे न बघता,
बाकाला सांगावं तसं, म्हणाली,
"नीळ्ळु."

बाटलीचं झाकण मीच काढून दिलं.
घटाघटा प्याली, हनुवटीवरून फ्रॉकवर सांडत.
फळ्यावरच्या 'मे आय'खाली
मी आपल्या अक्षरांत लिहिलं: निळू.
निम्मा वर्ग फुटला.
"निळू माझा मामा हाय!"
मागून ओरडला सोमनिंग बिराजदार.

अखिला पुढं आली. ओल्या बोटानं पुसलं.
"तसं नाही बाई. जीभ मागं न्या.
अजून मागं."
नेली.
चौथ्या खेपेला जमलं असावं,
कारण ती काही न बोलता जागेवर जाऊन बसली.

शाळा सुटल्यावर फॉर्म पुन्हा काढला.
रकाना इंचभर.
'नाही' खोडलं.
पेन टोपणाविना तसंच राहिलं हातात,
हणमंतू किल्ल्या वाजवत दारात येईपर्यंत.